गार्ड काकांचा थांबा

गार्ड काका माझ्यावर पहिल्यांदा ओरडले तेव्हा त्यांना माझं नावही माहीत नव्हतं. कुवारातल्या, म्हणजे अश्विनातल्या, नवरात्राच्या आधीचा एक रविवार होता. भिलाईत, रिसालीतल्या मैदानापाशी पदयात्रेच्या सरावासाठी माणसं जमली होती. आई आणि मी कडेला उभ्या होतो, कारण कुणाशी बोलावं ते आम्हाला कळत नव्हतं. मागून आवाज आला, "ओ पोरी, कोणाच्या लग्नाले चालली?" वळून पाहिलं तर एक उंच, वाळलेले गृहस्थ माझ्या पायांकडे बोट दाखवत होते. माझे बूट पांढरेशुभ्र आणि नवे होते. बाबांनी कॉलेजसाठी म्हणून सुपेल्याच्या बाजारातून आणले होते. "नवे बूट कॉलेजात घाल. रस्त्यावर जुनी चप्पल बरी. वापस येतानी रडशीन तं मी उचलणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

वापस येताना मी रडलेच. त्यांनी शब्द पाळला, उचललं नाही. नंदिनीच्या रस्त्यावर एका पुलाच्या कठड्यावर मला बसवलं, खिशातून सुईदोरा काढला, सुई काडीवर तापवली आणि टाचेवरच्या फोडातून दोरा ओवून तो तसाच आत ठेवला, पाणी हळूहळू निघून जावं म्हणून. हात इतका हलका की मला कळलंच नाही. तोंड मात्र चालूच होतं. "सांगितलं होतं का नव्हतं? शिकलेले लोक ऐकतच नाहीत. चप्पल द्या रे हिले कोणी!" आई घाबरून बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, "हा माणूस चांगला आहे का खराब, काही समजूनच नाही राहिलं."

आपल्या भिलाईच्या मराठी मंडळाची स्मरणिका संक्रांतीला निघते. या वेळी संपादक ताईंनी मला विषय दिला, लांब पल्ल्याच्या चालण्यातून मिळालेले जीवनाचे धडे. म्हणाल्या, "प्रेरणादायी लिही, तरुण मुलांनी वाचलं पाहिजे." मी लिहायला बसले की मला राग येतो. धडे असे वेगळे काढून ठेवता येत नाहीत मला. जे काही शिकले ते एका माणसाच्या ओरडण्यातून शिकले, आणि त्या माणसाशी आपण सगळे कसे वागलो हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना माहीत आहे. म्हणून मी त्यांच्याबद्दलच लिहिते आहे. मला नीट लिहिता येतं असं मी म्हणत नाही. ताई, छापावंसं वाटलं नाही तर राहू द्या.

गार्ड हे त्यांचं नाव नव्हतं आणि कामही नव्हतं. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये रेल्वेचे रूळ बनतात तिथे ते क्लार्क होते, तिथूनच निवृत्त झाले. पण चालताना ते कायम सगळ्यांच्या शेवटी असत, मालगाडीच्या शेवटच्या डब्यातल्या गार्डसारखे. गळ्यात बुटाच्या काळ्या लेसला बांधलेली शिट्टी. एकदा वाजली की हळू, लागोपाठ वाजली की थांबा. त्यांच्या मागे कुणी राहायचं नाही, हा पक्का नियम. कुणी आडोशाला गेलं, कुणी चहाला रेंगाळलं, तर काका रस्त्याकडे तोंड करून उभे राहत आणि तो माणूस पुढे गेला की मगच पाऊल टाकत. "पुढचा रस्ता पाह्यते," ते म्हणत, "मागचा माणसं पाह्यते. दोन्ही कामं आहेत."

आम्ही त्यांच्यात कशा गेलो ते सांगते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा प्लांटमध्येच आहेत, पण ठेकेदाराकडे. बारावीला मी पास होईन की नाही याची घरात कुणालाच खात्री नव्हती, मलाही नव्हती. तेव्हा आईने नवस बोलला होता की पोरगी कॉलेजात गेली तर डोंगरगढला बम्लेश्वरी देवीच्या पायाशी पायी चालत येईन. मला प्रवेश मिळाला. आईचा एक गुडघा वाकतच नाही धड, पण ती ठरवून बसली. आपल्याकडून दर कुवारात पायी जाणारी मंडळी आहेत, दुर्ग, सोमनी, राजनांदगाव करत मुक्काम करत जातात, हे तिला कुणीतरी सांगितलं. म्हणून त्या रविवारी आम्ही मैदानावर उभ्या होतो.

निघायच्या दिवशी काका सगळ्यांच्या पिशव्या तपासत. हाताने उचलून बघायचे आणि तोंड वाकडं करायचे. आईच्या पिशवीतून पितळेचा कलश निघाला, स्टीलचा डबा निघाला, वर दोन साड्या. "वहिनी, संसार मांडाचा आहे का तिकडं?" आई लाजून म्हणाली, "लागते न भाऊजी काही काही." "काही लागत नाही. पाणी लागते आन् पाय लागते." कलश त्यांनी आमच्याच शेजारणीच्या हाती घरी पाठवून दिला. माझ्या पिशवीत अकाउंट्सचं जाड पुस्तक होतं, परीक्षा जवळ होती. ते बाहेर काढतील म्हणून मी छातीशी धरलं. त्यांनी पुस्तक उघडून बघितलं, चष्मा नव्हता म्हणून उलटंच धरलं असावं बहुतेक, आणि परत ठेवलं. "हे राहू दे. पण वाचशीन तं वाच. फालतू ओझं नको वागवू."

त्यांचा दुसरा नियम थांब्याचा होता, आणि माझं सगळं लिहिणं खरं तर या एका नियमाबद्दल आहे.

चालणाऱ्यांना हे माहीत असेल. वेगाने चालणारे थांब्यावर आधी पोचतात. बसतात, चहा पितात, पाय चोळतात. मग हळू चालणारा धापा टाकत येतो आणि त्याला पाहिलं की ताजेतवाने झालेले लोक उठतात, चला, सगळे आले, निघू या. ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी त्याला ती मिळतच नाही. दिवसभर तो फक्त लोकांना उठताना पाहत राहतो. गार्ड काकांना हे अजिबात खपत नसे. कुणी उठायला लागलं की शिट्टी. "बस खाली! तुहा थांबा संपला असन, हिचा आत्ता सुरू झाला. शेवटचा माणूस बसला की थांबा मोजाचा."

सोमनीच्या आधी, पायी जाणाऱ्यांसाठी गावकऱ्यांनी बांधलेल्या एका पंडालात आई पोचली तेव्हा सगळे उठत होते. काका तिच्या मागून आले आणि इतके ओरडले की पंडालात चना-गूळ वाटणारी मुलंही खाली बसली. आई संकोचाने म्हणत होती, "जाऊ द्या न भाऊजी, मी येतो हळूहळू." काका तिच्यावरही उखडले. "तुमी चूप बसा. बसाले सांगितलं न? मग बसा." माझी आई कुणाच्या तरी हुकमावरून आराम करते आहे हे मी पहिल्यांदा पाहिलं.

कॉलेजात मला तो पंडाल पुष्कळदा आठवला. वर्गात सर विचारतात, समजलं? पुढच्या बाकांवरची मुलं, ज्यांच्या घरी वडीलही कॉमर्स शिकलेले, मान हलवतात. सर पान उलटतात. मी तेव्हा कुठे त्या पानापर्यंत पोचलेली असते. मला आधी वाटायचं मी मठ्ठ आहे. आता वाटतं की तिथे शिट्टी वाजवणारं कुणी नाही. हे लिहितानाही मला राग येतो आहे, तो कुणावर आहे ते मला नीट सांगता येत नाही.

काकांना "काही नाही" या उत्तराची चीड होती. चालताना कुणी तोंड वाकडं केलं की ते विचारत, काय होऊन राहिलं? आपण बायका बहुतेक म्हणतो, काही नाही. मग संपलंच. "पाय दुखते म्हण, दम लागला म्हण, घर आठवते म्हण. 'काही नाही' नको म्हणू. 'काही नाही' म्हणणारा माणूस मले सगळ्यात जड पडते, संध्याकाळी एकदम पडते तो." एकदा मी वर्गात हात वर करून म्हटलं, सर, मला नाही समजलं. सरांनी परत सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने नंतर मला हळूच सांगितलं, बरं झालं, मलाही नव्हतं समजलं.

ते देवमाणूस नव्हते, मला तसं दाखवायचं नाही. त्यांच्या बोलण्याने बायका रडलेल्या आहेत. चूक झाली तरी माफी म्हणून मागायचे नाहीत, फार तर त्या बाईची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घ्यायचे आणि आणखी जोरात ओरडायचे. वाटेत तळलेलं खायचं नाही असा त्यांचा दंडक. राजनांदगावच्या अलीकडे मी पाणी भरायला पंडालाच्या मागे गेले तर काका उकिडवे बसून मिरची भजी खात होते. मी पाहत राहिले. ते म्हणाले, "काय पाहून राहिली? मी मागं असतो, मले कोण पाह्यते?" आणि एक भजं माझ्या हातावर ठेवलं, तोंड बंद राहावं म्हणून.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, तुम्ही मागेच का चालता? ते चिडले. "सगळ्याईले कारण पाहिजे. कारण नसलं तं चालाचं नाही का? चाल." शेवटी काकूंना विचारलं. काकू हसल्या. "अव, घरातबी असंच आहे. सगळे जेवले की मंग ताटावर बसतीन, आन् भाजी थंडी झाली म्हणून माह्यावर ओरडतीन. लग्न झालं तवापासून गरम भाजी खाल्ली नाही त्या माणसानं."

त्या वर्षी डोंगरगढला आम्ही सगळ्यांच्या शेवटी पोचलो. आई, मी आणि आमच्या मागे काका. डोंगराच्या पायथ्याशी, पायऱ्या सुरू होतात तिथे, सगळी मंडळी बसून होती. काही जण दुपारपासून बसलेले. एकही माणूस वर गेला नव्हता. गार्ड आल्याशिवाय पायरी चढायची नाही, ही आपल्या मंडळींची रीत होती, काकांच्याही आधीपासूनची म्हणतात. काका आले, मागे वळून रिकाम्या रस्त्याकडे नीट पाहिलं आणि एक लांब शिट्टी वाजवली. सगळे उठले. आईने तेव्हा माझा हात धरला होता. ती म्हणाली, "एवढे लोक माह्यासाठी थांबले वं." तिच्यासाठी कधी कुणी थांबलं नव्हतं. बस थांबत नाही, रेशनवाला थांबत नाही.

पुढच्या वर्षी आई पुन्हा निघाली. बाबा म्हणाले, नवस फिटला न, आता कावून? आई पोळी लाटत म्हणाली, "मले चालाले आवडते." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. आईला काहीतरी आवडतं हे आम्हा दोघांनाही नवीन होतं.

त्याच वर्षी मंडळींची व्यवस्था एका सरांकडे आली, माझ्या कॉलेजातले नव्हेत. हे सर कोचिंग क्लास चालवतात, एवढंच लिहिते. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी औषधांची पेटी आणली, पाण्याची सोय केली, मागून येणारी एक गाडी ठेवली. हे लिहायलाच हवं, आणि हे लिहिताना मला जास्त राग येतो, कारण चांगल्या सोयीच्या नावावरच सगळं झालं. नारिंगी टी-शर्ट आले. प्रत्येकाच्या मोबाइलात वेग मोजणारं ॲप आलं. क्लासच्या हॉलमध्ये बैठक झाली, तिथे सर म्हणाले की या वेळी ग्रुपचं टाइमिंग सुधारायचं. काका मागच्या बाकावरून उठले. "थांबा शेवटचा बसल्यावरच सुरू होईन न?"

सर हसून म्हणाले, "काका जी, ज़माना बदल गया है। इतने लोग एक-दो के लिए क्यों रुकें? गाड़ी है ना। जो पीछे रह जाएगा, उसको बैठा लेंगे।"

"मंग गुरुप कावून म्हणता? लाइन म्हणा."

सगळा हॉल हसला. काकांवर हसला, की सरांवर, मला तेव्हाही कळलं नाही. पण कुणी उभं राहिलं नाही. पहिल्या वर्षी पायथ्याशी थांबलेली माणसं त्याच हॉलमध्ये होती.

तुमडीबोडच्या पुढे, डोंगरगढच्या रस्त्याला लागल्यावर ते झालं. एका गावाबाहेर पंडाल होता. काका तिथे बाटली भरत होते आणि मी त्यांच्याजवळ उभी होते. आई जरा पुढे, एका बाभळीपर्यंत, गेली होती, ती तशीच करायची, आपल्यामुळे कुणाला थांबावं लागू नये म्हणून आधी निघायची. गाडी आमच्या बाजूने गेली आणि आईजवळ थांबली. क्लासमधली मुलं होती, माझ्याच वयाची. ऐकू येत होतं सगळं.

"आंटी, बैठ जाइए।"

"थोडंसंच राहिलं बेटा. येतो न मी हळूहळू."

"आंटी, सर ने कहा है। ग्रुप फ़ोटो होना है, सब आपके लिए लेट हो रहे हैं।"

माझी आई शिकलेल्या माणसाला नाही म्हणू शकत नाही. बँकेत नाही, दवाखान्यात नाही, माझ्या कॉलेजच्या ऑफिसात तर नाहीच. तिने एकदा मागे वळून पाहिलं. मग चपला हातात घेतल्या, लोकांची गाडी खराब होऊ नये म्हणून, आणि बसली.

काकांनी शिट्टी वाजवली. लागोपाठ वाजवत राहिले. रस्त्यावरची इतर मंडळांची माणसंसुद्धा थांबून बघायला लागली. गाडी थांबली नाही. मी पळत गेले थोडी, पण गाडीच्या मागे किती पळणार? परत आले तर काकांनी भरलेली बाटली रस्त्यावर आपटली होती. मग तेच जाऊन ती उचलून आले, पंडालातली मुलं पाहत होती म्हणून असेल. मला म्हणाले, "आणखी एक चक्कर मारीन ते गाडी. बसून जाय तूबी."

"नाही."

"मंग चाल. आन् रागानं चालू नको. रागानं चाललं की टाच आपटते, संध्याकाळपर्यंत गुडघा जाते."

मी पुढे, ते मागे. मागून त्यांची टाच आपटत असल्याचा आवाज मला सगळ्या रस्त्याने येत होता.

पायथ्याशी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. पायऱ्यांपाशी नवरात्राची गर्दी होती, पण आपल्यातलं कुणीही नव्हतं. माझ्या मोबाइलवर फोटो आलेला होता. वर मंदिरापाशी सगळे नारिंगी टी-शर्टमध्ये, हातात बॅनर, त्यावर लिहिलेलं, सब के सब, एक साथ. मी काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि मोबाइल माझ्या हातात परत ठेवला. ते ओरडले नाहीत याचीच मला भीती वाटली.

फोटोत आई नव्हती. मी इकडेतिकडे बघायला लागले. नारळवाल्याच्या दुकानाच्या कडेला, सगळ्यात खालच्या पायरीच्याही खाली, आई जमिनीवर बसली होती. मांडीवर नारळ.

काकांनी विचारलं, "वहिनी, वर नाही गेल्या?"

"कशी जाणार? गार्डभाऊ आले नव्हते न."

काका तिच्या बाजूला खाली बसले. आई थोडा वेळ नारळाच्या शेंड्या ओढत राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, माहं चालणं तुटलं. मले वापस तिथं नेऊन द्या. जिथून बसवलं, तिथूनच चालतो."

मी म्हटलं, "आई, काहीतरीच काय? देवीला समजतं सगळं. तिने कुठे हिशोब मागितलाय?"

आई माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "देवीचं देवीले देऊन झालं मागच्या वर्षी. हे माहं आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी फार मूर्खासारखं बोलले आहे अशा नजरेने. मग आईला म्हणाले, "उद्या सकाळी."

सकाळी मंडळी बसने भिलाईला परत गेली. आम्ही तिघं जीपमध्ये बसून उलटे त्या पंडालापर्यंत गेलो. काल बाटली आपटली होती ती जागा काकांनी बरोबर ओळखली. तिथून पुढे आई गाडीत बसली होती त्या बाभळीपाशी गेलो. पंडालातून मागे आलेल्या एका पोराने आईला ओळखलं. "दाई, काली त चल दे रेहेस न?" कालच तर गेली होतीस ना, असं विचारत होता तो. आई म्हणाली, "कल गाड़ी में गई थी बेटा। आज मैं जा रही हूँ।" त्या पोराने तिला ओंजळभर चना दिला.

तो सगळा रस्ता काका दुसऱ्यांदा चालले. त्यांचा गुडघा सुजला होता, मी पाहिलं होतं सकाळी. मी विचारलं, काय होऊन राहिलं काका? ते म्हणाले, "पाय दुखून राहिला. तुले काय करायचं आहे? चाल." आई त्या दिवशी नेहमीपेक्षा हळू चालली. तिने वाटेत म्हशी पाहिल्या, एका बाईशी शेतातल्या धानाबद्दल बोलली, मनाला वाटलं तिथे बसली. ती बसली की काका उभ्यानेच म्हणायचे, "थांबा सुरू." पायथ्याशी त्यांनी मागे वळून रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, लांब शिट्टी वाजवली आणि आई वर चढली.

परत आल्यावर काकांनी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्या आवाजातला निरोप टाकला. फोटोवर सब के सब लिहिलं आहे ते खोटं आहे, एक बाई खाली बसून होती, ते काढा. एवढंच. शिवी नाही, काही नाही. सरांनी उत्तर दिलं की काका आमच्यासाठी आदरणीय आहेत, पण ग्रुपमध्ये नकारात्मकता नको. संध्याकाळी काकांचं नाव ग्रुपमधून गेलेलं होतं. कुणीही काही लिहिलं नाही. दोन-तीन जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, ती कशासाठी होती देव जाणे. मी लिहिलं, माझी आई होती ती. ते वाक्य तसंच पडून राहिलं, त्याच्याखाली कुणीतरी शुभ सकाळचं फूल टाकलं.

नंतर पुष्कळ जण मला वेगवेगळे भेटले. दुकानात, देवळात, एक काकू तर माझ्या कॉलेजच्या स्टॉपवर. सगळे हेच म्हणाले, काकांचं बरोबर होतं, फक्त बोलायची पद्धत चुकली. मला या वाक्याचा सगळ्यात जास्त राग येतो. जे गोड बोलले त्यांची पद्धत बरोबर होती, आणि माझी आई चपला हातात घेऊन गाडीत बसली. मग पद्धतीचं काय करायचं? हे मी तेव्हा त्यांना विचारलं नाही, तेवढी हिंमत नव्हती. आता लिहिते आहे. ज्यांनी म्हटलं ते वाचतील.

उन्हाळ्यात काकांनी क्वार्टर सोडलं. मुलगा पुण्याला असतो, तो न्यायला आला होता. आई आणि मी दुर्ग स्टेशनवर गेलो. सामान चढलं, काकू चढल्या, मुलगा चढला, त्या डब्याचे बाकीचे सगळे लोक चढले. काका खालीच. मुलगा दारातून ओरडत होता, "बाबा, चढा ना आता!" काकांनी फलाटाच्या दोन्ही टोकांना पाहिलं. कुणी राहिलं नाही याची खात्री झाल्यावर मगच दांडा धरला.

मी धीर करून म्हटलं होतं, "काका, शिट्टी मला द्याल?"

"कावून? माही आहे ते. तुले पाहिजे तं बाजारातून आण. उष्टी शिट्टी वाजवशीन का?" गाडी हलली. आई पदराने डोळे पुसत होती. दारातून ओरडणं ऐकू आलं, "वहिनी, रडू नका! दम लागते!"

पुण्याहून त्यांचा फोन येतो. सोसायटीत चालायला गोल ट्रॅक आहे म्हणाले, आणि मग पाच मिनिटं फक्त तक्रार. "इथं सगळे गोल गोल फिरून राहिले. कोण पुढं आहे, कोण मागं, काही समजत नाही. मी कोणाच्या मागं चालू? मी हळू चाललो तं मागून येऊन लोक मले 'काका, साइड' म्हणते." मी हसले. ते म्हणाले, "हसून राहिली? या वर्षी जाऊन राहिले का तुमी?" मी म्हटलं, ग्रुपमध्ये नाही, पण आई म्हणते आहे जायचं. ते काकूंना काहीतरी ओरडून सांगून आले. मग म्हणाले, "जुने बूट घाल."

या कुवारात आम्ही पाच-सहा बायका निघालो, सगळ्या हळू चालणाऱ्या. टी-शर्ट नाही, बॅनर नाही. सुपेल्याच्या बाजारातून मी प्लास्टिकची हिरवी शिट्टी आणली होती, ती गळ्यात घालायची लाज वाटत होती म्हणून खिशात ठेवली. मी मागे चालत होते. मागून खरंच सगळं दिसतं. कुणाची टाच वाकडी पडते आहे, कुणी बोलायचं थांबलं आहे, कुणी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

त्याच बाभळीच्या जरा पुढे सरांच्या ग्रुपची गाडी मागून आली आणि आमच्या बाजूला हळू झाली. मुलं नवीन होती. एकाने खिडकीतून मान बाहेर काढून आईला विचारलं, "आंटी, थक गई हैं क्या? बैठ जाइए ना, छोड़ देंगे।" मनाने चांगलाच असेल तो. आई थांबली. तिची तीच सवय, चपलेकडे हात गेला.

मला काय झालं ठाऊक नाही. शिट्टी तोंडात कधी आली तेही कळलं नाही. इतक्या जोरात वाजवली की पुढच्या सगळ्या बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग मी ओरडले, मराठीतच ओरडले, भर रस्त्यात, जे मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. "समोर पाहून चालव रे! कोणी नाही बसत इथं! तुले घाई आहे तं तू जाय!"

पोरगा घाबरला. गाडी निघून गेली. आईने चपला नीट पायांत सरकवल्या. मागे वळली नाही, चालायला लागली, आणि तिच्या आवाजात हसू होतं.

"गार्डभाऊ आले का वं मागून?"